बनसोडे सर आणि वेडं भात

बनसोडे सरांची उंची पाच फुटांच्या अलीकडं की पलीकडं, हा साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात कायमचा वादाचा विषय होता. एकदा ते प्रयोगशाळेच्या दारात पाठमोरे उभे असताना पोरांनी चौकटीवर पेन्सिलीनं खूण केली आणि मग मोजपट्टी आणायला पळाली. सर वळले. खूण पाहिली. खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर माणूसजातीचं लॅटिन नाव लिहिलं, खाली इंग्रजीत लिहिलं, 'प्रौढ नमुना, वाढ पूर्ण', आणि ती खुणेच्या शेजारी डिंकानं चिकटवून तासाला सुरुवात केली. ती चिठ्ठी पुढं कित्येक वर्षं तिथं होती. रंगारी आला तेव्हा त्यानंही तिच्या कडेकडेनं रंग मारला.

ही गोष्ट साठीच्या दशकाच्या मध्यातली. सर वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे प्राध्यापकांनी बोलायचं आणि यांनी दाखवायचं. मी मराठी शिकवायचो, म्हणजे नुसतंच बोलायचो. वर गॅदरिंगची नाटकं बसवायचो, त्यामुळं सर मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय नाटकवाले?" एवढंच. आम्ही एकाच खोलीत राहायचो. साताऱ्यात खोली शोधताना त्यांना सात घरं फिरावी लागली होती. आडनाव ऐकलं की सातही ठिकाणी खोली नेमकी कालच गेलेली असायची. आठवी खोली माझी. हे मी माझ्या मोठेपणासाठी सांगत नाही. मला सकाळचा चहा करणारं कुणीतरी हवं होतं, आणि बनसोडे सर पहाटे उठतात असं मी ऐकून होतो.

चहा उत्तम करायचे. पण त्यांच्याबरोबर चिठ्ठ्याही खोलीत आल्या. बाभळीच्या डिंकाची बाटली, कापलेल्या कागदांचा गठ्ठा आणि टाक, हा त्यांचा संसार. महिन्याभरात खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आली. कंदिलावर, छत्रीवर, साबणावर, माझ्या दाढीच्या ब्रशावरसुद्धा. सगळ्या इंग्रजीत नाहीतर लॅटिनमध्ये. मी म्हणालो, "अहो, साबण मला ओळखता येतो." ते म्हणाले, "तुम्हाला येतो. तुमच्या मागं इथं राहायला येईल त्याला?"

आता मी पडलो खोडकर. सरांचं टपोरं, डावीकडं झुकणारं अक्षर मी आठवड्यात घोटून काढलं. कॉलेजात वनस्पतींचं प्रदर्शन होतं, उद्घाटनाला बाहेरचे पाहुणे यायचे होते. मी सरांच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी घेतली, सरांच्या अक्षरात तिच्यावर लिहिलं, 'निवडुंगाची जात. बाहेर काटे, आत पाणी', आणि ती प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर चिकटवली. साहेब आले. पाहुण्यांना खुर्ची द्यायला म्हणून त्यांनी ती स्वतःच फिरवली. वाचली. पाहुण्यांनीही वाचली.

"कुणाची ही चिठ्ठी?"

मी उठणारच होतो. माझं भाषणही तयार होतं, दोन विनोद आणि शेवटी माफी. पण त्याआधी मागच्या भिंतीपाशी सर उभे राहिले. उभे राहिल्यानं फारसा फरक पडला नाही, म्हणून त्यांनी हातही वर केला.

"माझी, सर."

पूर्ण सत्रभर त्यांच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. मी खोलीवर आल्यावर भांडलो. "तुम्ही का उठलात? मी उठत होतो ना!"

"चिठ्ठी माझीच होती," सर स्टोव्हला पंप मारत म्हणाले. "डिंकही माझा. मी उघडं ठेवलं होतं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही उठत होतात हे बरीक छान. किती वेळ लागतो तुम्हाला उठायला?"

मी हसलो. बाकी काय करणार?

किल्ली गेली म्हणून प्रयोगशाळा खोलीवर आली. सरांचा एका रोगावर अभ्यास चालला होता, पुण्याच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली. रोग भाताचा. त्यात रोप मरत नाही, सुकत नाही. ते उंच होतं. शेजारची रोपं घोट्याला असतात तेव्हा हे पोटरीला लागतं. फिकट, लांबलचक, सडसडीत. जपानी शेतकरी त्याला वेडं रोप म्हणतात, असं सर सांगायचे. हे सगळं करते एक बुरशी. ती वाढवायला लागे बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास. त्यामुळं वाण्याला वाटायचं की आमच्याकडं रोज काहीतरी गोडधोड असतं, आणि खानावळवाल्या काकूंना वाटायचं की त्यांचे बटाटे उंदीर नेतात. खिडकीत बाटल्या, बाटल्यांत पांढरा-गुलाबी कापूस, आणि पत्र्यावर मातीच्या बोळक्यांत भाताची रोपं. एका ओळीत नुसती रोपं. दुसऱ्या ओळीत बुरशी लागलेली. तिसऱ्या ओळीला बुरशी लावलेलीच नव्हती, फक्त ती ज्या पाण्यात वाढली ते पाणी गाळून घातलं होतं. आणि तिसरी ओळसुद्धा वेडी झालेली!

"म्हणजे पाण्यात काहीतरी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मराठीवाल्यांना कळलं," सर खूश होऊन म्हणाले. "जिबरेलिन त्याचं नाव. बुरशीच्या नावावरूनच पडलं. आता गंमत ऐका. रोप हे रसायन स्वतःही करतं, चिमूटभर. त्यावरच ते वाढतं. बुरशी तेच करते, पण ओंजळभर."

ही गंमत त्यांनी वर्गात कशी सांगितली ते मी बाहेरच्या व्हरांड्यात उभा राहून ऐकलं आहे. मी नट. मला नट ओळखता येतो. त्या दिवशी त्या बुटक्या माणसानं टेबलावरचं रिकामं घमेलं उचललं, काखेला लावलं आणि त्याच्यावर थाप मारली.

"हे गाव. हा दवंडीवाला. दवंडी झाली की लोक काय करतात? दाराबाहेर येतात, ऐकतात, सांगितलंय तसं वागतात. दवंडी खरंच पाटलानं दिली का, असं कुणी पाटलाला विचारून येतं का? नाही. बुरशी रोपाच्या आत शिरते आणि पाटलाच्या नावानं दवंडी पिटते." आणि एकदम आवाज बदलला, लांबून यावा तसा झाला. "ऐका हो ऐकाऽऽ! समद्यांनी उंच व्हा होऽऽ!" घमेल्यावर थाप. "रोपाला वाटतं, आपल्याच माणसाचा हुकूम. ते उंच होतं, उंच होतं, अंगात असेल नसेल ते सगळं उंचीला लावतं. आणि दाणा धरायची वेळ येते तेव्हा आत काही उरलेलं नसतं. ओंबी आलीच तर पोकळ."

पोरं हसत होती. सरांनी घमेलं खाली ठेवलं.

"माझे वडील गावात दवंडी द्यायचे," ते म्हणाले. "आमच्याकडं ते कामच होतं. आवाज त्यांचा असायचा, हुकूम दुसऱ्याचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्यांनी ती हलगी खाली ठेवली, ती परत उचलली नाही. लिहून घ्या. मक्याच्या कणसावर फोड येतात, तिथंही एक बुरशी असंच करते, फक्त रसायन वेगळं."

एका पोरानं विचारलं, "पण सर, बुरशीचा ह्यात फायदा काय?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "ते शोधायचंय."

सरांचे थोरले भाऊ दादू. गाव पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात. वतनाची होती ती थोडी भातजमीन वतनं गेल्यावर त्यांच्या नावावर झाली होती, आणि दादू ती जिवापाड कसायचे. दर दोन-तीन महिन्यांनी ते साताऱ्याला यायचे. फडक्यात नाचणीच्या भाकरी, दिवस असतील तर पानाच्या द्रोणात करवंदं. भावापेक्षा चांगले हातभर उंच. दारातून वाकून यायचे आणि म्हणायचे, "गणू, तुझ्या वाटणीची उंची माझ्याकडं आली बग. कवा पायजे तवा सांग."

एका मे महिन्यात ते आले तेव्हा सर पुण्याला गेले होते. खोलीत मी एकटा.

"मास्तर, गणू न्हाई व्हय?"

"परवा येतील. बसा ना."

"पाचच्या ईष्टीपतुर बसतो."

चहा झाला. दादूंची नजर खोलीभर फिरली आणि कॉटखालच्या पत्र्याच्या चौकोनी डब्यावर थांबली. झाकणावर चिठ्ठी. त्यांनी झाकण उघडलं. आत भात. निवडलेलं, टपोरं, एकसारखं. हे सरांनी बुरशी कालवलेल्या पाण्यात भिजवून, वाळवून पुढच्या प्रयोगासाठी ठेवलेलं बी होतं. झाकणावर तसं लिहिलेलंही होतं, लॅटिनमध्ये आणि खाली इंग्रजीत.

"हे भात एवढं जपून का ठिवलंय वं?"

इथं मला थांबावं लागतं. कारण इथं मी थांबायला हवं होतं.

मी काय केलं सांगू? मी खुर्ची पुढं ओढली. आवाज खाली आणला. इकडंतिकडं पाहिलं, जणू भिंतीला कान आहेत. "दादू, हे साधं भात नाही. शेजारचं रोप घोट्याला असतं ना, तेव्हा हे पोटरीला लागतं."

दादूंचे डोळे मोठे झाले. "काय सांगता!"

"मी पाहिलंय. पत्र्यावर वाढवलं होतं. रोज सकाळी पाहावं तर बोटभर वर."

ह्यातला शब्द न शब्द खरा होता. पुढचं वाक्य होतं, 'आणि त्याला दाणा धरत नाही'. ते माझ्या जिभेवर होतं. पण समोर दादूंचे डोळे असे काही मोठे झाले होते, की त्या क्षणाला ते वाक्य टाकणं माझ्यानं झालं नाही. म्हटलं, जरा रंगू दे. निघताना सांगू. मग मी आणखी चहा टाकला, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खुर्चीची गोष्ट सांगितली, दादू पोट धरून हसले, एकदम पावणेपाच झाले आणि आमची धावपळ उडाली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांच्या पोरांसाठी गोळ्या आणायला गेलो. परत आलो तेव्हा दादू फडक्याला गाठ मारत होते. डबा जागेवर होता, झाकण लावलेलं. फडक्यात काय बांधलंय हे मी विचारलं नाही, आणि राहिलेलं वाक्य मी विसरलो. साफ विसरलो.

ऑगस्टमध्ये दादूंचं पत्र आलं, शाळेतल्या गुरुजींच्या हातचं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं. दादू कौतुकानं काही कळवतात, म्हणून मलाही ऐकवायचं होतं.

'चि. गणपतास दादूचा जयभीम. तुझ्या डब्यातलं चार ओंजळी भात आणलं होतं, त्याचा निराळा तरवा टाकला. बाकीचं रोप चार बोटं होतं तेव्हा हे वीतभर. सुभेदार आपल्या बांधावर आले. स्वतःच्या तोंडानं म्हणाले, दादू, दोन मुठी रोप दे. आपल्या तरव्याचं रोप आजवर गावात कुणी नेलं नव्हतं. औंदा आठ घरांनी नेलं. सगळ्यांनी रस्त्याच्या खाचरात लावलंय. आपला बा असता तर बघाय पाहिजे होता. तू ये आणि बघ.'

शेवटाकडं सरांचा आवाज बारीक होत गेला. त्या खोऱ्यात एक रीत आहे. लावणीची पहिली मूठ, म्हणजे रोपांची पहिली पेंडी, रस्त्याकडच्या खाचरात लावायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून, आणि त्यासाठी तरव्यातलं, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यातलं, सगळ्यांत उंच रोप निवडायचं. म्हणजे आठ घरांनी निवडून, हौसेनं, वेडं रोप उचललं होतं.

सरांनी वाकून डबा ओढला. उघडला. अर्धा होता.

मी सगळं सांगितलं. गाळलेल्या वाक्यासकट. सर ऐकत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "तुम्हाला दाण्याचं माहीत होतं. मी तुम्हालाच सांगितलं होतं."

"हो."

"पाटणची पहिली बस कितीला आहे?"

बसमध्ये खिडकीचा पडदा फडफडत होता आणि सर गुडघ्यावर छत्री धरून बसले होते. मग म्हणाले, "नाटकवाले, दोन गोष्टी आहेत. मी गप्प बसलो तर त्या आठ खाचरांत थोडं भात पोकळ निघेल. लोक म्हणतील, हवामान. दादूचं नाव तसंच राहील." पुढच्या वळणावर त्यांनी छत्री दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. "पण ओंब्या यायच्या वेळी ह्याची भुकटी वाऱ्यावर उडते आणि शेजारच्या चांगल्या दाण्यावर बसते. तेच पुढच्या वर्षीचं बी. मग सगळ्या खोऱ्याचं."

"मग सांगावंच लागेल."

"सांगावंच लागेल," सर म्हणाले. "दादूला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी मागितलंय हो." आणि त्यांनी तोंड खिडकीकडं केलं.

गावाच्या रस्त्यावर उतरलो आणि न विचारताच दिसलं. हिरव्यागार खाचरांतून हातभर वर डोकी काढून फिकट पिवळसर झुबके उभे होते. एका खाचरात, दुसऱ्यात, पुढच्यात. बांधावर दादू. धुतलेला पटका बांधून भावाला घ्यायला आले होते.

"बग गणू! ह्या अंगानं बग, लांबनं कसं दिसतंय!"

सर लांबून बघायला थांबलेच नाहीत. थेट चिखलात उतरले, एका झुबक्यापाशी बसले आणि बुडाशी बोटं घातली. खोडाच्या पेरांवर पीठ भुरभुरावं तशी पांढरी-गुलाबी भुकटी होती, आणि वरच्या पेरातून हवेतच मुळं फुटून लोंबत होती. सर तसेच बसून राहिले. दादूंचं हसू हळूहळू गेलं.

तेवढ्यात सुभेदार आले. लष्करातून निवृत्त झालेले, पाटलांच्या भावकीतले. झुपकेदार मिशा, हातात काठी. मागं चार-सहा माणसं. "आलं का प्रोफेसर! आवं, काय तुमचं बियाणं! माझ्या प्लॉटमदी तर कंपनी परेडला उभी ऱ्हायल्यागत दिसतंय."

सर उठले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. "सुभेदार, ही रोपं उपटाय लागतील."

"काय म्हणतासा?"

"हा रोग हाय. बुरशी हाय आत. ती रोपाला खोटा निरोप देती, वाढ म्हणून. रोप वाढतं. दाणा धरत न्हाई. आनी ओंबीवर आलं की शेजारच्या पिकालाबी देतंय."

सुभेदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हंजी दुश्मन आपलीच वर्दी घालून आलाय म्हणा."

"व्हय. वर्दी आपली, आनी हुकूमबी आपल्याच बोलीत."

मागून कुणीतरी विचारलं, "पर बी कुणाचं म्हणायचं हे?"

"माझं," सर म्हणाले. "मीच त्याला आजारी पाडलं हुतं, अभ्यासापायी. डबा माझा. मी उघडा ठिवला."

बारीक पाऊस पडत होता. मग दादू बोलले, पण सुभेदारांकडं बघून नाही, भावाकडं बघून.

"मला ह्या मास्तरांनी सांगितलं, लय वाढतंय म्हणून. त्यांचा काय दोष? त्ये बिचारं कविता शिकवत्यात, त्यास्नी काय ठावं? पर तुला ठावं हुतं गणू. ठावं असून घरात कॉटखाली ठिवलंस. आनी वर काय लिवलंस? मला वाचता येत न्हाई असलं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. सोबतचा नट आपलं वाक्य संपवून तुमच्याकडं पाहतो ना, आता तुम्ही, अशा अर्थानं, तसं. किती वेळ? दोन श्वास. मी आयुष्यभर रंगमंचावर वावरलो, सूत्रधार झालो, राजा झालो, ऐनवेळी आजारी पडलेल्या नटाची वाक्यंही बोललो. त्या बांधावर माझी एंट्री चुकली. मी छत्रीची मूठ बघत राहिलो. तिच्यावर सरांची चिठ्ठी होती.

"व्हय," सर म्हणाले. "मला ठावं हुतं."

सुभेदार भला माणूस. आधी स्वतःच्या खाचरात उतरला आणि पहिला झुबका त्यानंच उपटला. मग म्हणाला, "आठ घरं हायती. सांज व्हायच्या आत समद्यास्नी कळाय पायजे. दवंडी देऊ या." आणि बोलता बोलता सवयीनं त्याची नजर दादूंकडं गेली. लगेच त्यानं ती खाली घेतली, पण ती गेली होती. दादूंचा चेहरा दगडासारखा झाला.

"दवंडी न्हाई," सर म्हणाले. "मी घरोघर जाऊन सांगतो."

आणि ते गेले. आठही घरी. मी छत्री घेऊन मागं. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी तेच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक वाक्य न गाळता. एका घरी म्हातारीनं हात जोडले, एका घरी माणूस शिव्या देत सुटला, एका घरी चहा विचारला नाही आणि एका घरी बाहेरच्या पायरीवर कपबशी ठेवली. सरांनी ती उचलली नाही. उपटलेली रोपं जाळायची होती, पण पावसात जळणार कशी? म्हणून घरोघरी चुलीवरच्या माळ्यावर वाळत घातली, वाळतील तशी चुलीत घालायची. आम्ही निघालो तेव्हा कौलांतून धूर येत होता. दादू बसपर्यंत पोचवायला आले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांच्या तरव्यावर कुणी आलं नाही. हे सरांनी मला एका वाक्यात सांगितलं आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. दादूंचं साताऱ्याला येणं बंद झालं. सरांनी पुण्याच्या प्राध्यापकांना सगळं लिहून कळवलं, बाटल्यांमध्ये उकळतं पाणी ओतलं, आणि त्यांचा तो अभ्यास तिथं संपला. बुरशीला त्यात काय फायदा, ते शोधायचं राहिलंच.

मग एका रविवारी मी बाहेरून आलो तर खोलीतल्या सगळ्या चिठ्ठ्या बदललेल्या. साबण. कंदील. छत्री. सगळं मराठीत, आणि अक्षर एवढं मोठं की दुसरीतल्या पोराला वाचता यावं. मी म्हणालो, "ज्याला वाचताच येत नाही, त्याला काय उपयोग?" सर टाक पुसत म्हणाले, "तो निदान कुणाला तरी विचारेल. आणि त्याला कुणीतरी वाचून दाखवेल, अख्खं."

वर्षभरात त्यांनी कॉलेज सोडलं आणि आष्ट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला गेले. मीही पुढं सांगलीला आलो. पत्रं सुरुवातीला यायची, मग राहिली.

दशक सरता सरता, हिवाळ्यात, तासगावकडच्या एका बागायतदारानं मला आपल्या गावच्या शाळेत एकपात्री करायला बोलावलं. सकाळी मला म्हणाला, "चला मास्तर, बाग दावतो. बिनबियांची द्राक्षं लावल्याती. मुंबईवरनं एक पूड मागवलीया, त्या पाण्यात घड बुडवला की मणी असा लांबतोय बगा!" मांडवाखाली शिरलो. समोर एका स्टुलावर बनसोडे सर उभे होते. हातात पाण्यानं भरलेला मग. वरचा घड त्या मगात बुडवून ते मोजत होते, "एक... दोन... तीन..." मोजून झालं की हात खाली, पुढचा घड.

"काय नाटकवाले?"

दर रविवारी आष्ट्याहून सायकलवर यायचे म्हणे. ही पूड मोजून पाण्यात मिसळणं बागायतदाराला दुसऱ्या कुणाच्या हातून नको होतं. शेजारी बादली. बादलीवर चिठ्ठी. मोठ्या अक्षरात: 'भाताच्या वेड्या रोपाची बुरशी करते तेच औषध. मोजून घ्या. उरलं तर ओतून टाका. घरी नेऊ नका. ग. बनसोडे.'

"म्हणजे तेच हे?" मी म्हणालो.

"तेच. कारखान्यात बुरशी पाळतात, तिच्याकडून करून घेतात. इथं मात्र मणी फुगला तर लोक पेढे वाटतात." ते हसले. मग पुढचा घड.

बागायतदार दुसऱ्या ओळीत गेला. मी विचारलं, "दादू?"

"बरे आहेत. दिवाळीला गेलो होतो. जेवायला वाढलं. बोलले नाहीत."

"सर, त्यांना अजून वाटतं की मला दाण्याचं ठाऊक नव्हतं."

"हो."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"ते माझं वाक्य नव्हतं."

मी म्हणालो, "मी जातो. ह्याच पावसाळ्याच्या आधी जातो आणि सांगतो."

सरांनी हातातला मग खाली घेतला. स्टुलावर असल्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच ते वरून माझ्याकडं बघत होते. "जा," ते म्हणाले. "पण गोष्ट करून सांगू नका."

मी निघालो. मांडवाच्या टोकाला वळून पाहिलं. सर स्टूल एक पाऊल पुढं सरकवून पुन्हा वर चढले होते. चेहरा पानांआड गेला होता, दिसत होते ते दोन हात आणि एक घड. मोजणं ऐकू येत होतं. एक... दोन... तीन...

त्याला पुष्कळ वर्षं झाली. दादू आता सत्तरीच्या पलीकडं असतील. पाटणला जाणारी बस सांगलीहून सकाळी सुटते, मला तिची वेळ पाठ आहे. तुम्हाला गोष्ट करून सांगितली. त्यांच्याकडं मी अजून गेलेलो नाही.